बाहेरची कडी

"भाऊजी, आमच्या खोलीची बाहेरची कडी तेवढी काढून द्या," घड्याळवाल्याची बायको म्हणाली. नवऱ्याच्या दुकानात जेवणाचा डबा ठेवून ती शेजारच्या कुलपांच्या दुकानापुढे येऊन उभी होती.

कुलूपवाल्याने किल्ली घासणं थांबवलं नाही. ती बरी झाल्यापासून रोज डबा घेऊन यायची आणि रोज त्याच्या पोटात दुखायचं. दुसऱ्याची बायको मरणाच्या दारातून परत आली, तर याचा जळफळाट. स्वतःची लाज वाटायची, पण जळफळाट काही कमी व्हायचा नाही.

ती कडी त्यानेच बसवली होती. आजारात घड्याळवाल्याची बायको वस्तू फेकायची, ओरडायची, रस्त्यावर पळत सुटायची. कुलूपवाल्याची स्वतःची बायको गेली ती याच दुखण्याने. त्यामुळे स्क्रू पिळताना त्याला थोडं बरंही वाटलं होतं. चला, जोडीला कुणीतरी आलं.

पण एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हिच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला पाठवलं. हे वेड नव्हेच, असं निघालं. रोगाशी लढायची शरीराची ताकदच तिच्या मेंदूवर उलटली होती. रक्त गाळून घेतलं, इंजेक्शनं दिली, आणि काही महिन्यांत ही डबा घेऊन हजर. त्याच्या बायकोच्या वेळी ही तपासणी इथे कुणाला माहीतच नव्हती. तिला वेडाच्या गोळ्या दिल्या. "हा माझा नवरा नाही, याला बाहेर काढा," असं ती म्हणाली, आणि त्यानंतर काही बोललीच नाही. लोकांनी समजूत घातली. त्याला पटली नाही. शुद्ध हरपली की माणूस मनातलं बोलतो, हेच तो धरून बसला होता.

संध्याकाळी तो कडी काढायला घड्याळवाल्याच्या घरी गेला. एक स्क्रू अडून बसला होता. निघालेले स्क्रू धरायला तिने तळहात पुढे केला.

"दणकट बसवलीस बाबा," घड्याळवाला म्हणाला. "हिच्या एवढ्या धडका खाल्ल्या, पण हलली नाही."

"मी धडका मारायचे?" तिने विचारलं.

"धडकांचं काय घेऊन बसलीस, शिव्या ऐकायला हव्या होत्यास. अर्ध्या तर मलाही नवीन होत्या."

दोघं हसली. कुलूपवाल्याला ते हसणं सोसलं नाही.

"वहिनी, तुम्ही याला म्हणायचात, तू माझा कोणी नाहीस. मी ऐकलंय. ते मनातलंच होतं ना?"

हसणं थांबलं. ती नवऱ्याकडे वळली.

"असं म्हणाले मी? तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं?" घड्याळवाला म्हणाला. "तेव्हा तू घरात नव्हतीसच."

तिने मूठ मिटली. "भाऊजी, मला त्या दिवसांतलं काही आठवत नाही. यांचा चेहरासुद्धा नाही. मी त्यांना ओळखतच नव्हते, तर त्यांच्याबद्दल मनातलं काय बोलणार?"

कुलूपवाल्याने शेवटचा स्क्रू काढला. कडी तिच्या हातात दिली आणि चहाला न थांबता निघाला.

त्याच्या घरात आतल्या खोलीला तसलीच कडी होती. बायको गेल्यापासून ती लावलेलीच होती. याला बाहेर काढा असं ती म्हणाली होती, म्हणून तो इतकी वर्षं बाहेरच्या खोलीत झोपत होता. स्क्रू गंजले होते. वेळ लागला. कडी निघाली तेव्हा त्याने दार ढकललं आणि आत जाऊन पलंगावर आपल्या बाजूला बसला.

"मीच आहे गं," तो म्हणाला.