सुईखालचा पापुद्रा

कार्लिगाशने श्वास रोखला आणि यंत्राच्या सुईने पापुद्र्याला पुन्हा एकदा ढकललं.

पापुद्रा ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचाच. जाडी एका अणूची; नुसत्या डोळ्यांना दिसायची बातच नको. त्याच्याखाली तसाच दुसरा. वरचा जरासा तिरका वळून तसाच राहायला हवा होता, आणि मेला सकाळपासून दर वेळी घसरून मूळ जागी येऊन बसत होता. त्याच्याशिवाय दुसरा चांगला पापुद्रा आता उरला नव्हता. शेजारच्या खोलीत अस्तानाहून आलेली समिती. वळलेला पापुद्रा दाखवला तर यंत्र आल्माटीतच राहणार, नाहीतर सोमवारी खोक्यात भरून रवाना. तुर्सिनखान आगा, तिचे म्हातारे गुरू, पाहुण्यांना गप्पांत गुंतवून बसले होते. ही प्रयोगशाळा उभी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

या कामात ढकलायचं त्याच सुईने आणि चाचपून बघायचंही त्याच सुईने. ढकलताना दाब वाढवायचा, बघताना अगदी कमी करायचा. नवशिक्यालाही हे पाठ असतं.

ती बघू लागली. पडद्यावर वरून एकेक ओळ उमटायला लागली. पहिल्याच ओळींत पापुद्र्याची कड दिसली. तिरकी, हवी तेवढीच तिरकी. तिचे डोळे भरून आले. पुढच्या ओळींत कड फाटली, मग नुसता चोथा, मग काहीच नाही. दाबाचा आकडा तिने तेव्हा पाहिला. ढकलतानाचाच होता. हातातोंडाशी आलेला घास तिने स्वतःच मातीत घातला होता.

दार लोटून आगा आत आले. "काय गं पोरी, वळला?"

"वळला होता, आगा. दाब कमी करायचा राहिला. बघताना मीच खरवडला."

आगा पडद्यावरच्या त्या वरच्या ओळींकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. चूक माझी, मीच जाऊन सांगते, असं म्हणत ती उठायला लागली.

"बस तू. त्यांच्यापुढे रडायचं नाही," ते म्हणाले. "वळला होता. मी पाहिलाय."

ते परत गेले. दार उघडंच राहिलं.

आम्हा कझाकांकडे पाहुण्याच्या वाटीत चहा घोटभरच ओततात, पुन्हापुन्हा ओतता यावा म्हणून. वाटी भरली की पाहुण्याने समजायचं, आता निघा. आगांनी स्वतः किटली उचलली आणि समितीच्या अध्यक्षबाईंची वाटी काठोकाठ भरली.

बाईंनी वाटीकडे पाहिलं, "मग सोमवारी," एवढंच म्हणाल्या आणि कोट उचलला.