नवीन कार्ड येण्याआधी

"दिवाळीलाच नवीन कार्ड बाजारात येतंय," मुंबईचा घाऊक व्यापारी फोनवर म्हणाला. "मग तुमच्याकडचं जुनं निम्म्या भावातही कोणी हातात धरणार नाही. आत्ताच काढून टाका."

सुमंतने फोन ठेवला आणि मागच्या फळ्यांकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत ग्राफिक्स कार्डांची खोकी रचलेली होती. साताऱ्यातली कॉलेजची पोरं कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी वेडी झाली होती. हे कार्ड बसवलं की पडद्यावरच्या गाड्या खऱ्यासारख्या पळायच्या. दिवाळीत झुंबड उडेल म्हणून त्याने हावरटासारखा माल भरला होता. आता एवढा माल पडून राहिला तर राजपथावरचं हे दुकान उरणार नव्हतं.

आदल्या दिवशीच दसरा झाला होता. त्याच्या बायकोने, शरयूने, दुकानात पूजा केली होती. दरवर्षी ती गल्ल्याला हळदकुंकू लावून मोकळी व्हायची. यंदा तिच्या मनात काय आलं कोण जाणे, एकेका खोक्याचं झाकण उचलून तिने आत आपट्याचं पान ठेवलं.

"एवढं महागाचं आणलंत, सोन्यासारखं विकलं जाऊ दे," ती म्हणाली होती.

त्या फोनपासून सुमंतने फोनचाच धसका घेतला. बातमी साताऱ्यात पोहोचली असेल का? समोरच्या दुकानदाराला कळलं असेल का? एखादं पोरगं सहज "काका, नवीन कधी येणार?" म्हणालं तरी तो घाईने विषय बदलायचा. जेवण जाईना. रस्त्यात कोणी हसलं तरी ते आपल्यालाच हसतायत असं वाटायचं.

शेवटी त्याने गुंडा नावाच्या दलालाला बोलावलं. गुंडा जतचा. इकडचा माल तिकडे करायचा आणि कुणाचं नाव कुणाला सांगायचा नाही, एवढाच त्याचा धंदा.

"समदा माल एकदम काढताय? काय भानगड न्हाई न्हवं?" गुंडाने चहा बशीत ओतत विचारलं.

"भानगड कसली? जागा नाही. दिवाळीला प्रिंटर ठेवायचेत."

"सांगलीकडं एक गिऱ्हाईक हाय. नवंच हाय, समदा माल उचलंल. पर लय इचारून-बिचारून घेणारं हाय."

"माझं नाव घ्यायचं नाही."

"आवं सायेब, त्येंचं तुमास्नी सांगत न्हाई, तुमचं त्येंस्नी सांगत न्हाई. म्हून तर माझं चालतंय."

तेवढ्यात फोन वाजला. सुमंत इतका दचकला की त्याचा चहा सांडला.

मयूरीचा होता, त्याच्या मुलीचा. तिचं सासर माधवनगरला. गिरणी बंद पडल्यापासून जावई, शौनक, घरी बसून होता. सुमंतने त्याला साताऱ्याला बोलावून पाहिलं, तर सासऱ्याच्या दुकानात उभा राहणार नाही म्हणाला. पोरगा मानी होता.

"बाबा, एक विचारायचं होतं," मयूरी म्हणाली. "ती गेमची कार्डं असतात ना, त्यांचा भाव उतरणार आहे का हो? शेजारी विचारतायत."

सुमंतने समोर पाहिलं. गुंडाने बशी खाली ठेवून कान टवकारले होते.

"छे! उतरतोय कशाला?" सुमंत मोठ्याने म्हणाला. "दिवाळीपर्यंत चढेलच. नवीन कार्ड वर्षभर तरी येत नाही. म्हणावं, खुशाल घ्या."

"नक्की ना, बाबा?"

"अगं, तुझा बाप सांगतोय."

"मग झालं तर." तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "पाडव्याला तुम्ही दोघं इकडे या हं. छोटीशी पूजा ठेवलीय."

फोन ठेवताच गुंडा उठला. "माझी खात्री पटली, सायेब. पोटच्या पोरीला कोन खोटं सांगतंय?"

माल त्याच आठवड्यात टेम्पोत चढला. मयूरीला खरं काय ते सांगून टाकावं असं सुमंतच्या मनात येऊन गेलं. पण ती शेजाऱ्यांना सांगणार, शेजारी बाजारात बोलणार, आणि गुंडा माल परत दारात आणून टाकणार. फार तर शेजाऱ्याचं एखादं कार्ड बुडणार होतं. त्याने फोन केला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईहून निरोप आला. नवीन कार्ड आलं होतं, जुन्याचा भाव कोसळला होता. सुमंतने देवापुढे नारळ फोडला. सांगलीच्या त्या अनोळखी माणसाची त्याला क्षणभर कीव आली. पण कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

"म्हटलं नव्हतं, सोन्यासारखा जाईल?" शरयू त्याला वाढताना म्हणाली.

पाडव्याला दोघं एसटीने सांगलीला आणि तिथून माधवनगरला गेली. मयूरी त्यांना घरी न नेता रस्त्यावरच्या एका नव्या गाळ्यापाशी घेऊन गेली. शटरला झेंडूचं तोरण होतं. शौनक नवा शर्ट घालून दारात उभा होता. तो पाया पडला.

"आधी कळवलं असतं तर तुम्ही मदतीला धावला असतात," तो म्हणाला. "मला माझ्या हिमतीवर करायचं होतं."

शरयूची नजर मुलीच्या हातांवर गेली. "मयू, पाटल्या कुठायत गं?"

"मोडल्या, आई. उगाच नाही मोडल्या, आधी बाबांना फोन करून विचारलं होतं." मयूरी हसली आणि तिने फळ्यांवरचा पडदा बाजूला केला.

खालपासून वरपर्यंत खोकी रचलेली होती. सुमंतने भिंतीला हात टेकला.

मयूरीने एका खोक्याचं झाकण उघडलं आणि आतलं वाळलेलं आपट्याचं पान आईच्या हातावर ठेवलं.

"विकणारा कोण होता कुणास ठाऊक," ती म्हणाली, "पण मनाने फार चांगला असणार बघ. प्रत्येक खोक्यात सोनं ठेवलंय."