दुर्गाबाईंची तसबीर

सरोजिनीबाईंनी तसबिरीवरचं मखमली कापड उचललं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "हा बाप्या आहे."

नारायण पेठेतल्या त्या नाट्यसंस्थेच्या सभागृहात खुर्च्या मांडणं चाललं होतं. अनावरण अजून व्हायचं होतं. तसबिरीखालच्या पितळी पट्टीवर कोरलेलं होतं: मूकपट आणि रंगभूमीच्या थोर अभिनेत्री दुर्गाबाई. सरोजिनीबाई ह्या दुर्गाबाईंची एकुलती एक मुलगी. वय ब्याऐंशी. आईचा चेहरा ओळखायला त्यांना कुठल्या समितीची गरज नव्हती.

संस्थेचे कार्यवाह श्रीनिवास लगबगीने आले. "अहो ताई, कापड कशाला काढलंत? पाहुणे काढणार आहेत."

"हे आमचे सोनटक्केकाका आहेत."

"कोण?"

"बळवंत सोनटक्के. बायकांची कामं करायचे. नाटकातही आणि सिनेमातही. ह्यांच्या मांडीवर बसून मी चकल्या खाल्ल्यात. नथ कसली बघताय, मनगट बघा."

श्रीनिवासांनी मनगट बघितलं. सूत्रसंचालनासाठी बोलावलेली तनुजाही वाकली. नवी पैठणी, हातात माइक. "ओ माय गॉड, सर," ती म्हणाली, "जेन्ट्स आहेत हे."

"मी तुम्हाला आईचा फोटो पाठवला होता," सरोजिनीबाई म्हणाल्या. "त्याचं काय केलंत?"

"मिळाला ना. समितीपुढे ठेवलाही." श्रीनिवासांनी आवाज खाली आणला. "पण ताई, त्यात तुमच्या आई ट्रंकेवर बसल्यात, पायावर पाय टाकून. खदाखदा हसतायत. हातात विडी आहे. इथे शाळेची मुलं येतात हो. मग जुन्या सामानात हा सापडला. मागे नाव नव्हतं, पण सगळ्यांना एकदम पटला. म्हटलं, ह्याच दुर्गाबाई. कशा सोज्वळ, घरंदाज."

"ती जिवंत होती तेव्हाही लोक हेच म्हणायचे."

"म्हणजे?"

"सिनेमात गेली म्हणून सख्ख्या भावांनी तिच्या नावानं आंघोळ केली. नाटकात उभी राहिली तर कंपनीचा मालक म्हणाला, बाई, तू बाईसारखी वाटत नाहीस, सोनटक्क्यांकडे बघून शीक. सीता काकांनी केली. हिनं सीतेची दासी केली. लुगडंसुद्धा हीच नेसवायची त्यांना." सरोजिनीबाईंना धाप लागली. "तिचा एकही सिनेमा शिल्लक नाही. सगळे जळाले. जगात तो विडीचा फोटो तेवढा राहिलाय, आणि तो बघून 'ही दुर्गा' म्हणणारी मी. आता भिंतसुद्धा काकांनाच?"

"तुमचं बरोबर आहे. पण ऐनवेळी काय करता येतंय? पुढच्या महिन्यात बदलून टाकू. आत्ता कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"तुम्ही काय, घरच्याच." श्रीनिवासांनी कापड परत टाकलं. त्याच्या चुण्याही नीट केल्या.

पुढच्या महिन्यात. पुण्यातल्या संस्थांचा पुढचा महिना कुणी पाहिलाय? सरोजिनीबाईंना ते ठाऊक होतं. पण त्या उठून घरी गेल्या नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी छापलं होतं, 'कन्येचे मनोगत'. त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून, दात आवळून, आपली पाळी येण्याची वाट बघत.

सभागृह भरलं. पाहुण्यांनी कापड ओढलं. "अहाहा," मागून कुणीतरी म्हणालं. एका बाईंनी हात जोडले, मग शेजारणीनेही जोडले. पाहुणे बराच वेळ बोलले. आजकालच्या नट्यांचे कपडे त्यांना पसंत नव्हते. "ह्या डोळ्यांकडे बघा," ते सोनटक्क्यांच्या डोळ्यांकडे बोट करून म्हणाले. "आपल्या स्त्रीची सगळी लज्जा ह्यांत उतरली आहे. हे अभिनयाने येत नाही. ते रक्तातच असावं लागतं."

तनुजा जमिनीकडे बघत होती.

मग तिने सरोजिनीबाईंचं नाव पुकारलं. त्या काठी टेकत व्यासपीठावर चढल्या. हात द्यायला आलेल्या श्रीनिवासांचा हात त्यांनी झिडकारला. माइकची मान खाली वाकवली.

"नमस्कार. ही जी तसबीर तुम्ही बघताय, ती..."

श्रीनिवासांनी विंगेत ध्वनियंत्रापाशी बसलेल्या माणसाकडे बघितलं आणि पंजा हळूच खाली केला. माइक गेला.

सरोजिनीबाई बोलत राहिल्या. गळ्याच्या शिरा ताणून बोलल्या. पण ब्याऐंशी वर्षांचा आवाज तो, पंख्यांच्या घरघरीत पहिल्या रांगेपर्यंतही पोचेना. त्यांनी तसबिरीकडे बोट केलं. मान जोरजोरात हलवली. छातीवर हात आपटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते संतापाचं होतं. पाहुणे मोबाइल बघत होते. मागचे लोक माना उंचावून त्यांचे हलणारे ओठ बघत होते.

तनुजाच्या हातातला माइक चालू होता. सरोजिनीबाईंनी त्यासाठी हात पुढे केला.

तनुजाने त्या हाताकडे बघितलं. श्रीनिवासांकडे बघितलं. आणि माइक स्वतःच्याच तोंडाशी नेला.

"आजींना आईच्या आठवणीने भरून आलंय," ती म्हणाली. "त्या आपल्या सगळ्यांना आशीर्वाद देत आहेत."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. सरोजिनीबाईंचे ओठ अजून हलतच होते.