प्रयोगशाळेचं लोहचुंबक

भंडाऱ्याबाहेरच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं हत्तीएवढं लोहचुंबक उद्या नव्या इमारतीत न्यायचं होतं. "चालू झालं का लोखंड ओढते म्हन्ते. तुझ्या मायचा तवाबी घरी राहाचा नाही," केशवराव जेवताना लेकीला म्हणाले. कुंताला हसू आलं नाही.

सकाळी ते निघाले तेव्हा ती दारात नुसती घुटमळली. अवजड ओझी हलवायला जाणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची नाही, अशी त्या घराची रीत होती. दुपारी साखळी तुटली आणि केशवराव चुंबकाखाली गेले.

तेरवीनंतर, अर्ध्या वाटेत अडकलेलं चुंबक हलवायला काका निघाले. आईने कुंताचा हात घट्ट धरला. काका फाटकापाशी पोचले, तशी ती हात सोडवून ओरडली,

"काका, नका जाऊ जी. मले भेव लागते. बाबालेबी हेच सांगाचं होतं."