तू बघशील म्हणून

शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला, की डॉक्टर पेंढारकर आणि समोरच्या औषधाच्या दुकानातली नलिनी आठवड्याच्या चिठ्ठ्या घेऊन चहाला बसत. वीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

"कारखानीस मास्तरांना सांध्यांची ती गोळी रोज घ्यायला सांगितलीत," बशीत चहा ओतत तिनं विचारलं. "नवीन पद्धत आली का?"

"रोज? अगं, आठवड्यातून एकदाच असते ती! रोज घेतली तर माणूस जाईल."

नलिनीनं मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो पुढे धरला. अक्षर डॉक्टरांचं. सही डॉक्टरांची.

रोज एक.

चहा बशीतच राहिला.

"मग तू दिलीस कशी?"

"मनात आलं होतं माझ्या. पण म्हटलं, तुम्ही लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा वाचला. "आणि मी लिहिलेलं परत वाचत नाही. चुकलंच तर तू पकडशील म्हणून."

त्यांनी लगेच मास्तरांना फोन लावला. स्पीकरवर मास्तरांचा आवाज आला. जड, बोबडा.

"छे हो, एकही दिवस चुकवली नाही. आज सहावी. तोंडभर फोड आलेत, पाणीसुद्धा गिळवत नाही. म्हटलं, औषध लागू पडत असेल. तुम्ही लिहिलेलं, नलूनं बघून दिलेलं... मी कशाला शंका घेऊ?"