ग्लोव्हवरची पट्टी

बेसबॉलच्या शेवटच्या डावात एका धावेची आघाडी, बेसवर दोघे आणि बाद करायला एकच गडी उरलेला. एवारिस्तो चेंडू टाकणार तेवढ्यात समोरच्या सान्तियागो संघाचा मॅनेजर पंचाकडे गेला. “त्याच्या ग्लोव्हवर चामडं शिवलंय!” “काढ,” पंच म्हणाला. वळणारा चेंडू टाकताना एवारिस्तोचं ग्लोव्हबाहेरचं बोट वर व्हायचं. ते फलंदाजांपासून लपवणारी पट्टी फाउस्तोनेच, त्याच्या जुन्या कॅचरने, शिवली होती. एवारिस्तोच्या पोरीचा धर्मपिता तो. यंदा सान्तियागोकडे गेलेला. तिसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. सान्तियागोच्या बाकावर फाउस्तो बुटाची नाडी बांधत राहिला. टाके तुटेनात. “शिंपी बोलावू का रे?” गर्दी खिदळली. शेवटी एवारिस्तोने ते दातांनी तोडले. बोट दाबण्याच्या नादात चेंडू वळलाच नाही. फलंदाजाच्या फटक्यासरशी सामन्यासकट कुंपणापार गेला. “भावा, पोटासाठी करावं लागतं,” हात पुढे करत फाउस्तो पुटपुटला. “टाके पक्के घातले होतेस,” म्हणत एवारिस्तो हिरडीतलं रक्त थुंकला.