अजून आत

बोईसरच्या कारखान्यात गॅसगळतीचा भोंगा झाला आणि सगळे गेटबाहेर जमले. सेफ्टीवाल्या साहेबांच्या टॅबवरच्या हजेरीत एकच जण अजून आत दिसत होता, खंडेराव. असेल नवा कंत्राटी, सगळ्यांना वाटलं. "माणूस हाय, सोडायचा कसा?" म्हणत फायरमन जिव्याने मास्क चढवला, सवयीने गेटवर हजेरीचं कार्ड टेकवलं आणि तो आत शिरला. उत्कर्षाने टॅबवरचं नाव आत्ता वाचलं. हजेरीचं सॉफ्टवेअर तीच तपासायची. खंडेराव हा चाचणीसाठी तिनेच रचलेला कामगार. आपोआप चालणाऱ्या चाचणीच्या कॉन्फिग फाइलमध्ये नकली डेटाबेसऐवजी आज खऱ्याचाच पत्ता राहिला होता, म्हणून खंडेराव खऱ्या हजेरीत उतरला होता. "असा माणूसच नाहीये," ती साहेबांना म्हणाली. त्यांनी वॉकीटॉकीवर जिव्याला परत फिरायला सांगितलं, पण त्याला ते ऐकूच गेलं नसावं. "सापडत नाय साहेब, पुढं बघतो," तो म्हणाला. मग नुसती खरखर. संध्याकाळी उत्कर्षाने खंडेरावचं नाव पुसलं. हजेरीत एकच जण अजून आत दिसत होता.